येऊन जाईन

४ सप्टेंबर

स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. सहा वर्षांनी पत्र, तेही अडीच ओळींचं. "तीस तारखेला निवृत्त होतोय. पुढच्या महिन्यात येऊन जाईन म्हणतो. तुला चालणार असेल तर कळव." आणि खाली सही, आडनावासकट, वळणदार, विमान सोडण्याच्या कागदावर करता तशी. नवऱ्यानं बायकोला लिहिलेल्या पत्राखाली आडनाव बघून लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. "आई, तू पोच दे त्यांना. शिक्का मारून दे," म्हणाली.

ती चार दिवस सुट्टीला आली आहे. नोकरीच्या गावी हिचं वजन घटतं आणि आगाऊपणा वाढतो.

तुम्ही विमानवाले, मी व्याकरणवाली. त्यामुळे तुमचं वाक्य मी आधी सोडवलं आणि मग वाचलं. 'येऊन जाईन' यात क्रियापद कुठलं? 'येऊन' हे नुसतं धातुसाधित. दारापुढच्या पायरीसारखं, त्यावर पाय द्यायचा आणि पुढे व्हायचं. मुख्य क्रियापद 'जाईन'. म्हणजे हे पत्र येण्याबद्दल नाहीच, जाण्याबद्दल आहे, येणं फक्त वाटेत लागतं. तेरा वर्षांपूर्वी दारात बूट घालताना तुम्ही 'येतो' म्हणाला होतात, कारण आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. आता जाताना 'येतो' म्हणालेला माणूस येताना 'जाईन' म्हणतोय. असल्या वाक्यावर कुठल्याही वैयाकरणाची झोप उडेल. माझी उडाली म्हणून सांगत नाही, तत्त्व सांगतेय.

'चालणार असेल तर' म्हणाल, तर मला चालेल. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट अजून आलेली नाही, तेव्हा चालायचं तुम्हालाच आहे.

लेकीनं काल मला एक साइट दाखवली. दोन चौकटी असतात. एकीत इथला विमानतळ घातला, दुसरीत तुमचा. लगेच उत्तर आलं. अंतर सहा हजार नऊशे किलोमीटर, प्रवासाचा अंदाजे वेळ आठ तास वीस मिनिटं.

"बघ आई, एवढंसंच आहे," लेक म्हणाली.

"जायचा वेळ की यायचा?" मी विचारलं.

"म्हणजे काय? अंतर तेच ना!"

तेव्हा मला कळलं की हिचे वडील हिला काहीही न शिकवता गेले. मी तिला सांगितलं, की वरच्या हवेत वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तुझे बाबा राहतात पश्चिमेला. म्हणून तिकडे जायला नऊ तास लागतात आणि इकडे यायला पावणेआठ. तुझ्या साइटनं दोन्हींची बेरीज करून निम्मे केले असणार, आणि सरासरीच्या वाऱ्यावर आजवर कुठलंही विमान उडालेलं नाही. तिनं विचारलं, "तुला हे कसं माहीत?" शेजारणींना सत्तावीस वर्षं समजावतेय, की हे विमान चालवत नाहीत, ते कुठल्या वाटेनं जाईल, वारा किती, इंधन किती हे जमिनीवर बसून आखतात. समजावता समजावता आपल्यालाही येऊ लागतं. शेजारणींना मात्र तुम्ही अजून पायलटच वाटता, आणि घरी का येत नाही हे त्यांना त्यामुळेच समजतं.

एकच विचारायचंय. 'जाईन' हे सवयीनं आलं, की ठरवून लिहिलंत? निवृत्त माणसाला परत कुठे जायचं असतं, ते मला उमजलं नाही.

नियमाप्रमाणे
तुमची


२३ सप्टेंबर

प्रिय,

तुझं उत्तर आलं. या खेपेला साडेचार ओळी. प्रगती आहे.

आधी तुझ्या रागाचं बघू. "तू मला तुम्ही का म्हणतेस?" असं विचारलंयस. त्याचं असं आहे, की तुझ्या आईसमोर मी तुला 'अहो' म्हणायचे आणि खोलीत 'तू'. एका दाराच्या अंतराला एक सर्वनाम पुरत होतं. सहा हजार नऊशे किलोमीटरला काय वापरावं, याचा नियम कुठे सापडेना, म्हणून आदरार्थी घेतलं. तुला टोचलं हे वाचून बरं वाटलं. आता 'तू'च.

दुसरी गोष्ट तू शेवटच्या ओळीत, कागद संपत आल्यावर बारीक अक्षरात लिहिलीस. "परतीचं तिकीट काढलंय. एकेरी काढायला हात धजेना. मी तिथे कुणाचा पाहुणा आणि कुणाचा घरचा, हे आता मला ठाऊक नाही."

हे वाचल्यावर मी पत्र घडी घालून ठेवलं आणि वर्गावर गेले. तासाला समास होता. मुलांनी विचारलं, "बाई, आज एवढं हळू का शिकवताय?"

उत्तर देते, पण माझ्या वाटेनं. तुला ती वाट लांबची वाटते हे मला माहीत आहे. "सरळ सांग ना" हे वाक्य तू मला लग्नाच्या आधीपासून ऐकवतोयस. तुला तो पृथ्वीचा गोल आठवतो का? तुमच्या आखणीच्या खोलीतला, खिडकीशी ठेवलेला, पत्र्याचा, एका महासागरावर पोचा आलेला? तू मला पहिल्यांदा ऑफिसात चहाला बोलावलं होतंस. चहा तुमच्या मिशाळ सहकाऱ्यानं आणला. मिशांची टोकं कपात बुडू नयेत म्हणून ते मान तिरपी करून प्यायचे, ते बघून मी हसू दाबत होते. तू भिंतीवरचा नकाशा दाखवत होतास. मी म्हटलं, यात काय मोठंसं, इथून तिथे पट्टी ठेवायची आणि रेघ ओढायची. तू म्हणालास, "दोरा आहे का?" मी पर्समधून सुईदोऱ्याची गुंडी काढली. तू दोऱ्याचं एक टोक गोलावर इथे धरलंस, दुसरं लांबच्या एका शहरावर, आणि ताणलंस. दोरा पट्टीच्या वाटेनं गेलाच नाही. वर सरकला, उत्तरेकडे, नकाशावर जिथे नुसता पांढरा बर्फ दाखवतात तिकडे.

"नकाशावर वाकडी दिसते ना, तीच खरी जवळची वाट," तू म्हणालास. "नकाशा चपटा आहे. पृथ्वी नाही."

मी तुला सांगितलं, की आमच्या काव्यशास्त्रातही असा एक पंथ आहे. वक्रोक्ती, म्हणजे वाकडं बोलणं, हाच काव्याचा प्राण, असं मानणारा. तू दोरा धरून विचार करत राहिलास आणि म्हणालास, "म्हणजे तू सरळच बोलत असतेस. मीच चपटा नकाशा घेऊन बसतो."

मिशांना ठसका लागला. चहा कपाबाहेर आणि मिशांवर. तू चेष्टा करत होतास की खरं बोलत होतास, ते मला आजही सांगता येणार नाही. पण तू लग्नाचं विचारायच्या आतच माझं उत्तर त्या खोलीत ठरून गेलं होतं. तुला वाटतं ते बागेत ठरलं. बागेत मी फक्त कळवलं.

तेव्हा तूच दोरा ताणून बघ, मी काय म्हणतेय ते. पाहुण्याला कुणी इतकं लांबलचक पत्र लिहीत नाही.

तुझी


८ ऑक्टोबर

प्रिय,

"आई माझ्याबद्दल काय म्हणायची?" असं विचारलंयस. ती गेली तेव्हा चार दिवस येऊन गेलास, पण घरभर माणसं होती, तुला विचारता आलं नाही आणि मला सांगता आलं नाही. आता सांगते.

तू गेल्यावर पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मला विचारलं, "आज किती लांब आहे गं तो?"

मी आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सासूबाई, अंतर रोज बदलत नसतं." त्या म्हणाल्या, "न बदलायला काय झालं? तो तर म्हणायचा, वारा बदलला की वाट बदलते."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. त्यांचं बरोबर होतं. जमिनीवरचं अंतर तेवढंच राहतं, विमानाला कापावं लागणारं हवेतलं अंतर वाऱ्याप्रमाणे रोज वेगळं, हे तूच आम्हाला जेवताना सांगायचास. मी ते ऐकून सोडून दिलं होतं, त्यांनी जपून ठेवलं होतं.

मग त्यांनी थेट मिशांना फोन लावला. मला न विचारता. "तुमच्याकडून रोज विमान जातं ना माझ्या मुलाच्या गावी? मग आज किती तासांचं आहे ते सांगत जा." मिशा गडबडले. म्हणाले, "काकू, जायचा वेळ सांगू की यायचा?"

"यायचा सांगा," सासूबाई म्हणाल्या. "जायचा घेऊन मी काय करू?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मिशांचा फोन. "काकू, आज सात बावन्न." "काकू, आज वारा पडलाय, आठ सतरा." सासूबाई ऐकायच्या आणि मला आतून हाक मारायच्या, "अगं, आज जवळ आलाय हो!" ज्या दिवशी आकडा वाढायचा त्या दिवशी आमटीत मीठ कमी असायचं, नाहीतर माझ्या चालण्याचा आवाज फार व्हायचा. एकदा जोरदार वाऱ्यात सात एकोणतीस आलं, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीला बोलावून सांगितलं. मास्तरणीला वाटलं, तू निघालास.

त्यांनी तुला कधीही 'ये' म्हटलं नाही, हे खरं. मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, "बोलावलं की यावं लागतं त्याला. आपण होऊन आला तर बरं." तुझ्याकडे मी विषय काढला असता, तर तू म्हणाला असतास, "आईला सोडून तू इकडे येणार नाहीस, म्हणून मी तुला बोलावत नाही." मला तुझं उत्तर पाठ होतं, तुला माझं. त्यामुळे प्रश्न कुणी विचारलाच नाही. सासूबाई गेल्यावर मला वाटलं, आता हा परत येईल. तुला वाटलं असणार, आता ही इकडे येईल. दोघंही एकमेकांची सोय बघत बसलो, चार वर्षं. असल्या सभ्यपणाला आमच्याकडे एक अलंकार असायला हवा होता. नाही, मी शोधला.

संस्कृतात एक गोष्ट चांगली होती बघ. एकवचन आणि बहुवचन यांच्यामध्ये द्विवचन. नुसत्या दोघांसाठी वेगळं रूप, तिसऱ्याला त्यात शिरायला जागाच नाही. मुलांना ते पाठ करायचा फार कंटाळा. "बाई, दोघांसाठी एवढा खटाटोप कशाला?" विचारतात. मराठीनं ते टाकून दिलं. आता आपल्याकडे एक असतो नाहीतर पुष्कळ. मधलं काही नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात संध्याकाळी फोन वाजला. मिशा. सवयीनं लावला असावा. मी उचलला.  मग ते म्हणाले, "वहिनी, आज सात अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशीही आला. मी बंद करा म्हटलं नाही, त्यांनी करू का विचारलं नाही. ते गेल्या वर्षी निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले, तोपर्यंत चालू होतं. तेव्हापासून तू रोज किती लांब असतोस, ते कळायला काही साधन उरलेलं नाही. लेकीची ती साइट रोज आठ तास वीस मिनिटंच सांगते. मी तपासते, म्हणून माहीत.

तारीख आणि वेळ कळव. न्यायला येईन.

तुझी


२० ऑक्टोबर

प्रिय,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, कारण तिथे पोचेल तेव्हा तू निघालेला असशील. हातातच देईन. पण हल्ली लिहायची सवय लागली आहे आणि घरात बोलायला फक्त कुकर.

तुझं कार्ड आलं. "चोवीस तारखेला सकाळी सव्वासातला उतरतो. तू आलीस तर घरी येईन. नाही आलीस तर समजेन, काही मनात धरणार नाही. तेच विमान एक चाळीसला परत जातं." हे काय लिहिणं झालं? एखाद्याला जेवायला बोलावल्यावर त्यानं येताना डबा घेऊन यावा, तसं. म्हणे मनात धरणार नाही!

सव्वासात म्हणजे कुठले सव्वासात, ते मात्र मी बरोबर ओळखलं. तुमच्या त्या खोलीत भिंतीवर जगाची एकच वेळ लावलेली असते, सगळ्या विमानांना सारखी. आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. आणि तू खोलीतून बाहेर पडलास तरी तुझ्या डोक्यातलं घड्याळ कधी बाहेर पडलं नाही. लग्न नवं होतं तेव्हा म्हणाला होतास, "दोनला येतो, बाहेर जेवू." मी नवी साडी नेसून दोनपासून खिडकीत. सासूबाई दर थोड्या वेळानं येऊन म्हणायच्या, "भूक लागली असेल तर पोळी खा हो, साडीला कळणार नाही." तू उगवलास साडेसातला, इस्त्री केल्यासारखा, आणि वर म्हणालास, "वेळेवर आलो की नाही?" तुझ्या घड्याळात खरोखरच दोन वाजले होते. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही, पण एक गोष्ट कायमची शिकले. या माणसानं वेळ सांगितली की साडेपाच तास मिळवायचे.

तेव्हा तुझे सव्वासात म्हणजे आपला दुपारचा पाऊण. सकाळचे दोन तास शिकवून मी आरामात पोचेन. लेक फोनवर म्हणाली, "विमानाचा नंबर दे, मी बघून सांगते." मी तिला सांगितलं, "तुझ्या जन्माआधीपासून मी या माणसाची घड्याळं वाचतेय. मला शिकवू नकोस."

तुझी खोली झाडून ठेवली आहे. 'तुझी खोली' असं सहज लिहून गेले. खोडत नाही.

तुझी


२६ ऑक्टोबर

प्रिय,

तू आत झोपला आहेस. दुपारचे तीन वाजलेत, तुझ्या शरीरात किती वाजलेत देव जाणे. घोरण्यात फरक नाही. मधे एक भिंत आहे, आणि तरी मी पत्र लिहितेय, कारण तू समोर असलास की मला चेष्टाच सुचते. काल दिवसभर तेच झालं. कागदावर मी जरा बरी असते, असं तूही म्हणालास.

परवाचं आधी लिहून काढते, नाहीतर पुढच्या वेळी सांगताना तू त्यात तुझी बाजू घुसडशील.

मी पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. फलकावर तुझं विमान शोधलं, सापडेना. येणाऱ्यांच्या यादीतून ते केव्हाच निघून गेलं होतं. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "ते सातला उतरलं, मॅडम. पंधरा मिनिटं लवकरच. आता परतीचं बोर्डिंग सुरू होईल."

मला ते लगेच समजलं नाही. मी तिला म्हटलं, "नाही, पाऊणला येतं ते." तिनं पुन्हा सांगितलं, हळूहळू, मी माझ्या 'ढ' मुलांना सांगते तसं. मग समजलं. तू माझ्यासाठी वेळ आधीच बदलून लिहिली होतीस. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी ती पुन्हा बदलली होती.

पर्समधून फोन काढला. वर्गात बंद ठेवलेला. चालू केल्यावर एका अनोळखी नंबरचे दोन फोन दिसले, सव्वाआठचे. उलट लावला तर कुणी तरी म्हणालं, "एका गृहस्थांनी मागितला होता हो, ते गेले कधीच." गेले कधीच.  तिथे खुर्च्यांची रांग होती, तिच्यात बसले. समोर निघणाऱ्यांचे काउंटर, माणसं ट्रॉल्या ढकलत पुढे सरकताहेत, आणि मला प्रत्येक पाठमोरा माणूस तू वाटतोयस. तुझी पाठ आता कशी दिसते, हेही मला नक्की माहीत नव्हतं. तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही अलंकारात बसवायला गेले नाही.

आणि मागून आवाज आला, "बारा चाळीस. पाच मिनिटं लवकर आलीस."

माझ्या मागच्याच रांगेत बसला होतास. बूट काढून, मांडीवर कोट घेऊन. केस इतके पांढरे होतील हे मला फोनवरून कळलं नव्हतं.

"तू गेला नाहीस?" मी एवढंच म्हटलं असावं.

"काउंटरपर्यंत जाऊन आलो," तू म्हणालास. "दोन तास वाट बघितली. तुझा फोन बंद. म्हटलं, समजलो. तिकडच्या मुलीला विचारलं, आजच्याच विमानात जागा मिळेल का. ती म्हणाली, मिळेल सर, एक चाळीस, लोकल टाइम. ते 'लोकल टाइम' कानावर पडलं आणि मी थांबलो. म्हटलं, अरे, मी हिला लोकल लिहिलं. पण हिला ते कुठे माहीत? ही साडेपाच तास जोडणार. ही जोडल्याशिवाय राहणारच नाही."

"मग?"

"मग काय, त्या मुलीला म्हटलं, नको. माझं माणूस पाऊणला येतंय. आणि इथे येऊन बसलो. कॉफी फार वाईट आहे इथली."

मला हसू आलं की रडू, याचा निवाडा तू काल लेकीला फोनवर दिलासच, तो चूक आहे. दोन्ही होतं. त्यालाही वेगळं रूप हवं.

आता आजचं. दुपारी जेवताना तू ताटाकडे बघत म्हणालास, "परतीचं तिकीट तेरा तारखेचं आहे. पुढे ढकलता येतं."

"किती पुढे?" मी विचारलं.

"वर्षभर."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बाद होतं."

तू मान वर करून वाट बघत होतास. मला दिसत होतं. मी म्हटलं, "भाजी वाढू?" तू म्हणालास, "वाढ." भाजी संपेपर्यंत दोघंही भाजीबद्दल बोललो. तुला वाढलेली भाजी जास्त झाली होती आणि तरी तू संपवलीस, हेही मला दिसलं.

तर ते उत्तर आता देते. बाद होऊ दे.

यात कुठेही वळण नाही, दोरा ताणून बघायची गरज नाही. या घरात तू पाहुणा आहेस की घरचा, हे तुला ठाऊक नव्हतं, असं तू लिहिलं होतंस. सकाळी तू आंघोळीला गेलास तेव्हा मी कपाट उघडलं. म्हटलं, याची बॅग अजून जमिनीवर उघडी पडली आहे, डावीकडचे दोन कप्पे रिकामे करून देऊ. रिकामे करायला घेतले तर त्यात तुझेच शर्ट निघाले. सगळे. दर पावसाळ्यानंतर मीच त्यांना ऊन दाखवत आले आहे, आणि दर वर्षी तिथेच परत ठेवत आले आहे, इतकं बिनविचारानं की कप्पे भरलेले आहेत हेच विसरले होते. आता बॅगेतलं कुठे ठेवायचं ते बघू, उजवीकडचं माझं थोडं हलवते.

उठलास की चहा टाक, दोघांचा. निळा शर्ट खुर्चीवर काढून ठेवलाय. पोटावर बसत नसेल तर मला हाक मार, मी स्वयंपाकघरातच आहे. बाजूच्या शिवणी थोड्या सोडता येतील.

तुझी